बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

चाळीस वर्षांत माईंची कात्री दुसऱ्या कुणाच्या हाती गेली नव्हती. शिवणाच्या त्या खोलीत पाच मशिनी, एक लांब टेबल आणि भिंतीभर खिळ्यांना टांगलेले कागदी नमुने. शिवायचं सगळ्यांनी, कापायचं मात्र माईंनी. आणि नियम असा, की कापडाचे सहा थर अंथरून एकदा कात्री घातली, की तिथून पुढे शेवटपर्यंत तोच हात चालायचा. हात बदलला की खालचा थर सरकतो, असं माई म्हणत. खरं-खोटं कुणी तपासलं नव्हतं, तेवढी कुणाची छातीच नव्हती.

त्या सोमवारी चारच्या सुमारास दवाखान्याच्या नर्सांचे कोट कापताना माई अर्ध्या बाहीवर थांबल्या. चेहरा आवळला आणि तडक संडासात गेल्या. कात्रीसकट.

तासाभरात हे चारदा झालं.

"माई, कात्री इथे ठेवून गेलात तरी चालेल," सूनबाई मशिनीवरून मान न उचलता म्हणाली. "आत कापायला काय आहे?"

"इथे ठेवली तर तुझी जीभ कापून जाईन, म्हणून नेते."

शिवणाऱ्या मुली माना खाली घालून हसल्या. माईंना हसायचं त्राण नव्हतं. लघवीला नुसती आग, जाऊन आलं तरी पुन्हा जावंसं वाटे, आणि होत ते चार थेंब. पण दुखण्यापेक्षा धास्ती वेगळीच होती. कात्री टेबलावर राहिली तर सूनबाई ती उचलणार. तिने नीट कापून दाखवलं, तर माई या खोलीत कोण? कोपऱ्यातली म्हातारी.

संध्याकाळी नात आली. सूनबाईचीच लेक, प्रयोगशाळेत कामाला. ‘आमची नात जंतू पाळते,’ असं माई चारचौघांत सांगत, लोक जसं कुणी गाई पाळतं म्हणून सांगतात तसं. आजीची सहावी फेरी तिने पाहिली आणि कमरेवर हात ठेवले.

"आजी, मागच्या महिन्यात असंच झालं होतं ना? पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या डॉक्टरीणबाईंनी. संपवल्यास?"

"दोन दिवसांत बरं वाटलं. उरलेल्या जपून ठेवल्यात. वाया कशाला घालवू?"

"कुठे?"

"बटणांच्या डब्यात," एक मुलगी मध्येच बोलली. "काल मी एकीला भोकं शोधत होते!"

नातीने कपाळावर हात मारला. मग उठून भिंतीवरचा बाहीचा नमुना काढला आणि उलटा, तोंड भिंतीकडे करून टांगला.

"आता यावरून बाही कापता येईल?"

"रेघा भिंतीकडे. कशी कापू?"

"तसंच जंतूचं. त्याच्याजवळ पण असे हजारो नमुने असतात, जनुकं म्हणतात त्यांना. सगळे एकदम उघडत नाहीत. आतड्यात असतो तेव्हा त्याचा हूक बनवायचा नमुना बहुतेक वेळा असा उलटा असतो. मुकाट राहतो. मूत्राशयात पोचला, की बऱ्याच जंतूंचा तो नमुना खरोखर पालटतो." तिने कागद सुलट केला. "अंगभर बारीक हूक फुटतात. पोहायची शेपटी आवरून ठेवतो आणि भिंतीला चिकटतो. लघवीच्या धारेनेही जात नाही. काही तर अस्तराच्या आत शिरून दडून बसतात. तू दोन दिवसांत गोळ्या थांबवल्यास, त्यांना मोकळं रान."

माईंनी सुनेकडे बोट केलं. "म्हणजे ही. माहेरी गरीब गाय, इथे आली आणि हूक फुटले."

"मला हूक?" सूनबाईची मशीन थांबली. "चाळीस वर्षं कात्रीला चिकटून कोण बसलंय? संडासात गेलं तरी सुटत नाही!"

माई कात्री उचलून सातव्या फेरीला गेल्या.

मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासायला पाठवली, जुन्या गोळ्या टाकून द्यायला लावल्या, नव्या सात दिवसांच्या दिल्या. बुधवारी माई पुन्हा टेबलाशी. सहा थर, खडूची रेघ, अर्धी बाही, आणि कळ आली.

त्यांनी कात्रीकडे पाहिलं. मग मूठ सुनेकडे केली.

"धर."

"हात बदलला की थर सरकतो ना?"

"सरकला तर सापडशील."

परतल्या तेव्हा बाही कापून झाली होती. माईंनी सहाही थर उचलून खिडकीच्या उजेडात धरले. कडा एकावर एक, केसभर फरक नाही.

"कोपऱ्यात घाई केलीस."

"कुठल्या कोपऱ्यात, माई?"

"शोधतेय. थांब."

चौथ्या दिवशी आग थांबली. सूनबाईने कात्री पुढे केली. "बरं वाटतंय ना? घ्या तुमची."

"तीन दिवसांच्या गोळ्या उरल्यात," माई म्हणाल्या. "संपेपर्यंत तूच काप."

शेवटची गोळी घेतली त्याच्या दुसऱ्या दिवशी माईंनी कात्री मागून घेतली, अंगठ्यावर धार पाहिली, डावी बाही ऐटीत कापली आणि उजव्या बाहीसाठी कात्री सुनेच्या हातात दिली.

"खालचा थर सांभाळ," म्हणाल्या, आणि मुलींनी तोंडाकडे बघू नये म्हणून, काही गरज नसताना, रिकाम्या हाताने संडासात जाऊन आल्या.