तीन दिवसांचा उतारा

गुरुवारी आमच्या वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खालच्या मजल्यावरच्या बारा जणांपैकी अकरा जण आदल्या दिवसापासून उलट्या-जुलाबांनी बेजार होते. म्हणून नातेवाइकांनी देवगाव रंगारीहून कडुबा महाराजांना आणलं होतं.

महाराजांनी डोळे गरागरा फिरवले. "करणी हाय! अकरा लोळतेत. बारावं धडधाकट कोण हाय?"

बाराव्या म्हणजे पिशोरच्या दगडाबाई. वय ऐंशी, भेटायला कुणी येत नसे.

"कोंडा हिला! पाणीबी देऊ नका. तीन दिसांत उतार नाय पडला तर ही दाढी उतरवीन!"

टाळ्या पडल्या. मग आधी खालच्या, नंतर वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांना एकाच पेल्यातून तीर्थ पाजलं गेलं; उरलेलं महाराजांनी घेतलं.

मी पद्मजा, आश्रमाची व्यवस्थापक, एमएस्सी झालेली. कोठीच्या खोलीला कडी मीच लावली.

"पोरी, मी काय केलं गं?" दगडाबाई आतून विचारत होत्या. मी हॉलकडे चालू लागले. मला सुटल्यासारखं वाटलं.

शनिवारी सकाळी अकराही जण उठून चहा मागू लागले. "लई पावर हाय बाबाची!" म्हणत एकानं नारळ फोडला. दुपारी मात्र तीर्थ प्यालेले वरच्या मजल्यावरचे नऊ जण ओकू लागले. महाराजांना फोन लावला, तर चेला म्हणाला, "महाराज सकाळधरून संडासात हायेत."

मग डॉक्टर विशाखाला बोलावलं. कोंडलेल्या बाईचं कळताच तिनं आधी कोठी उघडायला लावली. दगडाबाई पोत्यावर निपचित पडल्या होत्या, ओठ फाटलेले. विशाखानं सलाईन लावलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ही बाई निरोगी होती. हिला आजारी तुम्ही पाडलंत."

संध्याकाळी आजींना बोलता येऊ लागल्यावर विशाखानं विचारलं, "आजी, मंगळवारी काय जेवलात?"

"वरणभात. कोशिंबीर व्हती, पन मला कुठं दात हायेत काकडी चावायला?"

"कोशिंबीर कुणी केली होती?"

स्वयंपाकीण आशाबाई त्या दिवशी रजेवर होत्या. सगळ्यांच्या देखत मी म्हणाले, "मी. आदल्या रात्री मला उलट्या झाल्या होत्या. कुणाला बोलले नाही. कोशिंबीर खालच्या पंगतीपुरतीच होती, वाढलीही मीच."

विशाखानं समजावलं. हा विषाणू हातातून पोटात जातो. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत आपोआप उतार पडतो, म्हणून तर महाराजांची मुदत तीन दिवसांची. वरच्या मजल्यावर आजार पोचवला तो त्या एका पेल्यानं.

मी दगडाबाईंचे पाय धरले.  त्या म्हणाल्या, "बाकीचे अडाणी. तू शिकलेली, म्हणून तुलाच हाका मारत व्हते."

उलटी झालेल्या माणसानं बरं वाटल्यावरही दोन दिवस स्वयंपाकाला हात लावू नये. हात साबणानं धुवावेत, आजाऱ्याला मीठ-साखरेचं पाणी पाजावं, आणि तरी उतार नसेल तर डॉक्टर गाठावा. आजाराचं कारण शोधावं, खापर फोडायला माणूस शोधू नये.

यातलं एकही वाक्य मला नवीन नाही. गुरुवारी कडी लावतानाही मला हे सगळं माहीत होतं.