मुलाम्याच्या पाण्याची चव

मी एक जुनी शिंपली आहे. माझ्या पोटात मोती नाही, मित्रांनो. राग आहे.

पोलंडमधल्या झावोदित्से गावाखालच्या नदीत माझा जन्म झाला. पाण्यात विरघळलेला चुना घ्यायचा आणि त्याचे कवच घडवायचे, हेच आमचे बालपण. मोठेपणी आम्ही दिवसभर पाणी आत घेऊन, गाळून बाहेर सोडत असू. सारी नदी आमच्या वस्तीने स्वच्छ ठेवली होती.

मग काठावर झेनोन कुर्पिशने लोखंडी वस्तूंना चकचकीत मुलामा देण्याचा कारखाना काढला. एकदा त्याने टाक्यांमधले वापरलेले आम्लाचे पाणी गुपचूप नदीत सोडले. आधी अंगाला आंबट झोंबले, मग धातूची कडवट चव आली. माझ्या बहिणी उघड्या तोंडानेच मेल्या. मी चिखलात खोल रुतलेली होते, म्हणून वाचले. तपासनीस आले तोवर ते पाणी वाहून गेले होते. त्याच आठवड्यात रविवारी कुर्पिशने काठावर गावजेवण घातले. लोकांनी सॉसेज भाजली, बिअर रिचवली आणि आमच्या कुजक्या वासाला नाके मुरडली. ती चव आणि ते हसणे मी विसरले नाही.

काही वर्षांनी बोग्ना आली. गावाच्या पाणीपुरवठा केंद्रात ती पाणी तपासत असे. तिच्या वडिलांची मत्स्यतळी त्याच विषाने उजाड झाली होती. मला चिखलातून उचलून ती म्हणाली, "एकटीच उरलीस का गं? चल, तुझंमाझं दुखणं एकच आहे."

केंद्रातल्या टाकीतून नदीचे पाणी सतत वाहत असे. तिथे इतर शिंपल्यांबरोबर माझ्याही पाठीवर तार चिकटवली गेली; कुणाचे तोंड किती उघडे, ते पडद्यावर रेघेने दिसे. पाणी बिघडल्याचे जाणवले की शिंपली तोंड मिटते; बहुतेकींनी मिटले की घंटा वाजायची आणि गावाचे पाणी बंद व्हायचे. केंद्रप्रमुख लुदोमिरला याचे भारी हसू येई.

"बोग्नाबाई, उद्या बेडकाला साहेब करा अन् मला डबक्यात पाठवा!"

"बेडूक वेळेवर तरी येईल, साहेब."

एकदा पाहुण्यांबरोबर कुर्पिशही आला. टाकीवर टिचकी मारून म्हणाला, "या पोरींना पगार किती देतोस रे, लुदोमिर? मी तर तुमच्या नळाचं पाणी तोंडातही घेत नाही. माझ्या घरी बाटल्या येतात."

त्या हिवाळ्यात एका सकाळी तीच चव आली. अगदी पुसट. बाकीच्या शिंपल्या स्वच्छ तळ्यातल्या होत्या. त्यांना ती ओळखीची नव्हती, त्या उघड्याच राहिल्या. खरे सांगते मित्रांनो, माझ्याही मनात आले, उघडेच राहावे. पिऊ दे साऱ्या गावाला! पण कुर्पिश हे पाणी पिणारच नव्हता. पोरेबाळे तडफडली असती आणि त्याने पुन्हा जेवणावळ घातली असती. मला गाव नको होता, मला तो हवा होता.

मी तोंड गच्च मिटले.

घंटा वाजली नाही. पण पडद्यावर माझी रेघ खाली आलेली बोग्नाने पाहिली.

"एक शिंपली झोपली, त्यात काय!" लुदोमिर म्हणाला.

"दुसरी असती तर मीही हेच म्हटलं असतं. हिने हे विष चाखलंय, साहेब. पाणी बंद करा."

तो हलला नाही. तेव्हा तिनेच झडप बंद केली. बाटलीत पाणी धरून त्यात मुलाम्याचा विषारी धातू ओळखणाऱ्या रसायनाचे थेंब टाकले, तर पाणी जांभळे झाले. मग पुढचे जे घडले, ते तिने नंतर टाकीपाशी बसून मला सांगितले. ती बाटल्या भरत, तपासत, काठाने वर चालत गेली. जांभळा रंग गडद होत होत कारखान्याच्या नळीपाशी पोचला. नळीच्या वरच्या बाजूचे पाणी मात्र निर्मळ होते. नळी अजून वाहत होती, आणि कुर्पिश शेजारीच उभा होता.

"नदीत हजार गोष्टी येतात, बाई. मला काय विचारता?"

"मी नाही विचारत. पोलीस विचारतील. तुम्ही फक्त इथून हलू नका."

कारखान्याला टाळे लागले, कुर्पिश तुरुंगात गेला. कुणीतरी माझ्या टाकीपाशी फुले आणून ठेवली. त्या फुलांचे मी काय करणार? बोग्नाने मला पाठीवरच्या तारेसकट पुन्हा जुन्या जागी सोडले; माझी रेघ अजून केंद्रातल्या पडद्यावर उमटते. इथे माझ्या बहिणींची रिकामी कवचे अजून अंगाला लागतात. कुर्पिश कोठडीत आहे याचा मला रोज आनंद होतो, तो मी लपवत नाही.

म्हणून मित्रांनो, नदीला जपा. मी दया येऊन तोंड मिटले, असे समजून निर्धास्त राहू नका. पुढच्या खेपेला विष सोडणारा जर तेच पाणी पिणारा असेल, तर मी उघडीच राहीन.