जीभ वर कर

श्रीकंठ मास्तरांचा गिरिजाम्माला पहिल्या दिवसापासून संशय होता. मैसुरात योग शिकवणारे गल्लोगल्ली, आणि त्यातले निम्मे गोऱ्या शिष्यांना भुलवून जगतात, असं तिचं ठाम मत. त्यात हा माणूस तिच्या धाकट्या भावाला उदासीच्या आजारावर आसनं शिकवत होता.

भाऊ नंजुंडा शिसवी लाकडात रंगीत तुकडे बसवून हत्ती-मोर उमटवणारा कारागीर. दसरा झाला आणि त्यानं हत्यारं खाली ठेवली ती ठेवलीच. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा. मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, जोडीला योग करायला सांगितला. गोळ्यांचं गिरिजाम्मानं स्वतःकडे घेतलं. जेवण झालं की ती पाण्याचा लोटा घेऊन समोर उभी.

"आ कर. जीभ वर कर. हं, गिळलीस."

महिनाभरात तो बोलू लागला, पहाटे आपण होऊन वर्गाला जाऊ लागला. पण मग पुन्हा बिनसलं. झोप उडाली, चक्कर येऊ लागली, कशावरूनही डोळे भरायचे. वर्ग मात्र चुकवत नव्हता.

"डोकं खाली, पाय वर करायला लावतात ना तुला? मेंदूत रक्त चढवलंय त्या मास्तरानं," ती म्हणाली.

"अक्का, तिथं नुसतं निजवतात."

"निजायचे पैसे घेतो?"

एके सकाळी, तो वर्गाला गेलेला असताना, ती कढीपत्त्याच्या कुंडीतली माती उकरत होती. मातीत पांढऱ्या, भिजून फुगलेल्या गोळ्या सापडल्या. एक नाही, ओंजळभर. तिच्या डोक्यात लख्ख झालं: मास्तरानंच सोडायला लावल्या. तशीच, मातीच्या हातांनी, ती वर्गावर गेली.

दहा-बारा माणसं सतरंज्यांवर डोळे मिटून पडलेली. मास्तर खिडकीपाशी बसलेले. तिनं गोळ्या त्यांच्यापुढे धरल्या.

"हे तुमचं काम ना? माझ्या भावाचा जीव घ्यायचाय का?"

सगळ्यांचे डोळे खाडकन उघडले. मास्तरांचा चेहरा उतरला.

"अम्मा, मी दर सोमवारी विचारतो, गोळ्या चालू आहेत ना. तो हो म्हणतो." ते नंजुंडाकडे वळले. "काय रे?"

नंजुंडा उठून बसला. मान वर केली नाही.

"त्यांनी नाही सांगितलं. मीच गालात धरून ठेवायचो आणि मग टाकायचो."

"का रे बाबा?"

"तू तोंड उघडून बघतेस, अक्का. रोज. दारूच्या गुत्त्यात पकडलेल्या पोरासारखं. इथं सगळे डोळे मिटून असतात, माझ्याकडे कुणी बघत नाही. वाटलं, एवढ्यानंच बरा होईन."

मास्तर म्हणाले, "एवढ्यानं होणार नाही, नंजुंडा. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चल, डॉक्टरांकडे जाऊ."

"तुम्ही कशाला?" ती म्हणाली.

"अम्मा, तुमचा माझ्यावर विश्वास नाही. समोरासमोर होऊ दे."

ती रिक्षात मास्तरांकडे पाठ करून बसली. डॉक्टरीणबाई तिघांनाही बोलल्या: गोळ्या अशा एकदम सोडल्या म्हणूनच चक्कर आणि झोपेचे हाल. त्यांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, योगही चालू ठेवायला सांगितला. मग गिरिजाम्माला म्हणाल्या, "आणि तुम्ही, जरा लांब राहा."

ते तिला सगळ्यात जड गेलं. गोळ्यांची डबी तिनं त्याच्या खोलीत ठेवली. जेवण झालं की हात शिवशिवायचे, मग ती उगाच भांडी घासत बसायची. मास्तरांवर तिचा अजून पुरता भरवसा नव्हता. अधूनमधून वर्गाच्या दाराशी जाऊन कान लावायची.

संक्रांत होऊन गेली. एका दुपारी नंजुंडानं नाचणीच्या मुद्देचा घास सारात बुडवला, तोंडात घातला आणि कपाळाला आठी घातली.

"अक्का, साराला मीठ नाही."

चार महिन्यांत त्यानं ताटातल्या कशाला नावं ठेवली नव्हती. गिरिजाम्माचा घास हातातच राहिला.

"मग ऊठ आणि घे की," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून पदरानं नाक पुसलं.