सोळा पायऱ्यांची कापडी शिडी

मित्रांनो, शिवणकाम करणाऱ्या आजीच्या थोरल्या लेकीला जुळी झाली, त्या वर्षी मी जन्मले. मी एक जुनी कापडी शिडी आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत खिळ्याला टांगलेली असते.

आजीची धाकटी लेक त्याच शाळेत विज्ञान शिकवायची. डीएनए कसा असतो ते मुलांना हातात घेऊन बघता यावं, म्हणून तिने आईला गळ घातली. पिशवीच्या बंदाच्या दोन पट्ट्या, प्रत्येकीवर कापडाचे सोळा तुकडे. तुकडे म्हणजे डीएनएची चार अक्षरं: ए आणि जी मोठे, टी आणि सी लहान. दोन्हीकडचे तुकडे समोरासमोर जोडले की पायरी तयार.

आजीचा जन्म मॅचिंग बघण्यात गेलेला. तिने मोठ्याला मोठा लावला, लहानाला लहान. मी कुठे फुगले, कुठे आवळले.

"आई, अगं सारख्याला सारखा नाही चालत! एसमोर टीच, जीसमोर सीच."

"मग आधी सांगायला तोंड शिवलं होतं का तुझं?" आजी टाके उसवू लागली. मधेच थांबली. "अस्सं! दर पायरीत एक मोठा, एक लहान. म्हणून रुंदी कुठे हलत नाही. ज्याने हे बेतलं, त्याचा हात फार साफ हो!"

मग तिने टिचबटणं लावली. ए-टीला दोन, जी-सीला तीन. चुकीची जोडी लावली की बटणं जुळत नाहीत आणि चुगली होते. उरलेल्या कापडातून आरएनएची एकेरी पट्टीही शिवली. तिच्यात टी नाही, त्याच्या जागी यू. तोही एसमोर दोनच बटणांनी बसतो.

किती मुलांनी मला उघडलं, लावलं, पीळ दिला! मग वर्गात चित्रं दाखवणारा मोठा पडदा आला आणि मी कपाटात गेले. तिथे उंदरांनी माझी एक अख्खी पट्टी फस्त केली. हेडसर म्हणाले, "टाकून द्या." लेकीने मला घरी नेलं.

तोवर आजीची नजर गेली होती. मशीनवर चादर पडली होती. "मी आता नुसती बसून खाणारी," असं ती येता-जाता म्हणायची.

"आई, गेलेल्या पट्टीवरचा क्रम कुठे लिहिलेला नाही गं."

"लिहायला कशाला हवा? ही उरलीय ना." आजीने माझ्यावरून बोट फिरवलं. "हा मोठा, तीन बटणांचा. म्हणजे समोर लहान, तीनवाला. हा लहान, दोनचा. समोर मोठा, दोनवाला. सुई ओवून दे आणि बाजूला हो."

नऊ दिवस लागले. कितीदा बोट टोचलं, पण कुणाला हात लावू दिला नाही. शेवटी लेकीने वरपासून खालपर्यंत बटणं लावली.

"एखादं उघडं राहिलंय का बघ."

"नाही आई. एकही नाही."

"मग मशीनवरची चादर काढ," आजी म्हणाली. दुसऱ्या दिवशी लेकीने मला परत शाळेत नेऊन प्रयोगशाळेतल्या खिळ्याला टांगलं.

मित्रांनो, मला उघडताना ओढू नका. नख घालून एकेक बटण सोडवा. आणि कधी माझी अर्धी बाजू फाटलीच, तर उरलेली अर्धी फेकू नका. गेलेलीचा सगळा हिशोब तिच्यापाशी असतो.

थोरलीची जुळी दहावीला बसली त्या वर्षी, त्यांच्या शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आजी वारली.