शौनक मला का घाबरायचा?

मी एक जुनी, पिवळी पॉटी आहे. हसू नका मित्रांनो! तुमच्यापैकी बरेच जण कधीतरी माझ्यासारख्या पॉटीवर बसले असतील. आता ते कोणाला सांगत नाहीत, एवढेच.

माझा जन्म ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात झाला. साच्यातून निघाले तेव्हा मला बदकाचे तोंड होते. आंबिवलीची ऐश्वर्या माझ्यावर बसून गाणी म्हणायची आणि शी झाली की सगळे घर टाळ्या वाजवायचे. त्यातल्या थोड्या टाळ्या माझ्या, असे मला वाटे. ती मोठी झाली आणि मी माळ्यावर गेले. तिथे धूळ होती, टाळ्या नव्हत्या.

मग ऐश्वर्याच्या आईने मला धुऊन नौपाड्यात, आपल्या बहिणीकडे पाठवले. त्या बहिणीचे नाव विनिता. तिचा शौनक साडेतीन वर्षांचा झाला तरी चड्डीत शी करायचा. चड्डी भरवणारे मूल घेणार नाही, असे शिशुवर्गाच्या बाईंनी सांगितले होते.

मला बघताच शौनक पडद्यामागे गेला. पाय आवळून, लालबुंद होऊन ओरडला, "नको! ती चावते!"

विनिताच्या मनात पाल चुकचुकली. ती कामावर गेली की शौनक शेजारच्या इमारतीत बिट्रिस आंटींकडे असायचा.

"चावते म्हणून कोणी सांगितलं तुला? आंटीने?"

शौनकने पडदा तोंडावर ओढला. त्या संध्याकाळी आंघोळ घालताना विनिता त्याच्या पाठीवर वळ शोधत होती. वळ नव्हते. तरी तिची शंका जाईना, आणि खरे सांगते, माझीही.

दुसऱ्या दिवशी मला पिशवीत घालून आंटींकडे पोचवले. मी कोपऱ्यातून त्यांच्यावर नजर ठेवली. आवाज मोठा, हात जाडजूड. हीच ती, असे मी मनाशी म्हटले. पण चड्डी बदलताना आंटीही शौनकच्या मांड्या निरखून बघत होत्या! मग त्यांनी आपल्या मुलीला, सेरेनाला, फोन लावला. "शीचं नाव काढलं की पोर थरथरतं गो. घरी मारत असणार त्याला."

मी चक्रावले. संशय घ्यायचा तरी कोणावर?

एका दुपारी विनिता न कळवता आली. दाराला कान लावला, तर आतून शौनकचे रडणे. "नको! दुखतंय!" तिने बेल दाबली ती सोडलीच नाही.

"काय करताय त्याला?"

"मी? तूच सांग, घरी कोण मारतो ह्याला?"

"आम्ही बोटसुद्धा लावत नाही!"

"मग मी लावते काय? पोट चोळत होते. हात लावून बघ, दगड झालाय नुसता."

विनिताने हात ठेवला आणि तिचा चेहरा उतरला. चपला उलटसुलट घालून दोघी शौनकला घेऊन रिक्षाने डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टरांचे म्हणणे आंटींनी रात्री फोनवर सेरेनाला सांगितले. "हट्टी नाय गो तो. कधीतरी शी कडक झाली, चावल्यासारखं दुखलं, तेव्हापासून दाबून धरतो. धरली की अजून कडक होते. मग थोडी पातळ बाजूनं गळते, ते त्याला कळत पण नाय."

औषध सुरू झाले. पपई, भरपूर पाणी, आणि जेवणानंतर चड्डीसकट माझ्यावर बसून गोष्ट ऐकायची. रागवायचे नाही.

एकदा विनिता दारात घुटमळली. "आंटी, मी तुमच्यावर..."

"मी पण," आंटी म्हणाल्या आणि चहा टाकायला वळल्या.

औषधाने शी व्हायची, पण चड्डीतच; कित्येक आठवडे माझ्यात काहीच पडले नाही. शिशुवर्गही सुरू झाला, शौनकविना. मग एका सकाळी तो आपणहून आला, चड्डी काढून बसला आणि बदकाची मान गच्च धरली. मी श्वास रोखला. जरा वेळाने तो उठला आणि वाकून आत डोकावला.

"हे माझं?"

"तुझंच रे बाबा!" आंटी डोळे पुसून मला उचलू लागल्या.

"नको! आईला दाखवायचंय!"

विनिता जेवणाच्या सुट्टीत धावत येईपर्यंत कोणालाही मला हात लावता आला नाही. एवढा मान मला कधीच मिळाला नव्हता.

मित्रांनो, तुमच्या धाकट्या भावंडाने चड्डी भरवली तर नाक मुरडू नका, चिडवू नका. आधी विचारा, "दुखतंय का रे?" आणि काम झाले की आम्हांला लगेच धुऊन उन्हात ठेवा. शौनकसाठी मी दुपारपर्यंत थांबले, पण रोज जमणार नाही.