कडा नसलेली गाठ

धाकट्या जावेचा राग यायला थोरलीला फारसं कारण लागत नसे. पंधरा वर्षं ती सासऱ्यांच्या दवाखान्यात सोनोग्राफी करत होती. धाकटी तेच काम शिकून आली, त्याला जेमतेम आठ महिने झाले होते. तरी सासरे, म्हणजे दवाखान्याचे सर्जन, आल्यागेल्याला सांगत, "धाकटीची नजर बघा!" जणू थोरली इतकी वर्षं डोळे मिटूनच रिपोर्ट लिहीत होती.

त्या दुपारी थोरली दातांच्या डॉक्टरकडे जाऊन परतली, तर धाकटी दारातच उभी.

"ताई, उद्या सकाळी बाबा जिची गाठ काढणार आहेत ना, ती पोहायला शिकवणारी बाई, तिची ऑपरेशनआधीची तपासणी मी केली. मला गाठ दिसतच नाहीये."

"मला दिसली होती. पाच बाय चार. मोजलीये मी."

"पण तिला कडा कुठे आहेत?" धाकटी चाचरत म्हणाली. "गर्भाशयाचं अस्तर भिंतीतच शिरलंय आणि भिंत एका बाजूनं फुगलीये. अ‍ॅडिनोमायोसिस वाटतंय. बाबा गाठ समजून कापायला गेले, तर थांबायचं कुठे तेच कळणार नाही. रक्त आवरलं नाही तर गर्भाशय काढावं लागेल. आणि तिला मूल हवंय. बाबांना अजून बोलले नाही. म्हटलं, आधी तुम्हाला सांगावं."

हे शेवटचं वाक्य थोरलीला सगळ्यात जास्त झोंबलं. चूक काढायची ती काढायची, वर मानही राखायचा! चोंबडी असती तर निदान कडकडून भांडता तरी आलं असतं.

"तिला परत आत घे. मी बघते."

बाई टेबलावर आडवी झाली. थोरलीला मनापासून गाठच हवी होती, चांगली गोलगरगरीत, धाकटीचं तोंड बंद करणारी. तिनं मागच्यासारख्याच पडद्यावर मापाच्या दोन फुल्या टाकल्या. मधे गाठ दिसली. फुल्या पुसल्या, तर काहीच नाही. भिंत नुसती धूसर होत गेलेली. कडा तिनंच आखल्या होत्या. मशीनवर रक्तप्रवाह रंगात दाखवणारं बटण दाबून पाहिलं. गाठ असती तर रक्त तिला वळसा घालून गेलं असतं. ते सरळ आरपार चाललं होतं. तिनं प्रोब जरा दाबला, तशी बाई कळवळली.

"इथे दुखतं?"

"इथेच. मागच्या वेळीही इथेच दुखलं होतं. तुम्ही म्हणालात, हलू नका, फोटो बिघडतो."

थोरलीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बाहेर येऊन तिनं सासऱ्यांना फोन लावला आणि गाठ नसल्याचं सांगितलं.

"बापरे! उद्या फसलोच असतो की मी," सासरे म्हणाले. "ऑपरेशन रद्द. एमआरआय करून खात्री करू, मग औषधांचं बघू. बरं झालं तू पुन्हा पाहिलंस. शाब्बास!"

आठ महिन्यांत हा शब्द तिच्या वाट्याला आला नव्हता. शेजारी उभ्या धाकटीला तो ऐकू गेला. तिनं हळूच मान हलवली, राहू द्या, सांगू नका. थोरलीनं सांगितलंही नसतं. पण आयुष्यभर हिच्या उपकाराखाली राहायचं? शक्यच नाही!

"मी नाही, बाबा. धाकटीनं पकडलं. मी चुकले होते."

"वा! दे बघू तिला फोन."

खरं बोलून मन हलकं होईल असं तिला वाटलं होतं. हलकंबिलकं काही झालं नाही. धाकटी फोनवर लाजत हसत होती आणि थोरलीचा नुसता जळफळाट चालला होता.

तेवढ्यात ती बाई कपडे सारखे करत बाहेर आली. ऑपरेशन नाही म्हटल्यावर मटकन खुर्चीत बसली, रडली, मग डोळे पुसून थोरलीलाच म्हणाली, "मॅडम, पुढच्या वेळी मला त्या नव्या मॅडमच तपासतील ना?"

"हो," थोरली म्हणाली, आणि पुढच्या तारखेसमोर तिनं स्वतःच्या हातानं धाकटीचं नाव लिहिलं.