पंचनाम्यातलं पिस्तूल

आमचे हे लढाईवर गेले, पण बंदूक कधी चालवली नाही. सुतार माणूस. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर लष्कराच्या कारखान्यात तीन वर्षं पेट्या ठोकल्या. शेजारी एक मिस्त्री अमेरिकन पिस्तुलं उघडून साफ करायचा, ती पाहून पाहून हे त्या पिस्तुलाच्या प्रेमात पडले. सेहेचाळीस साली मेडशीला परत आले तरी ते वेड उतरलं नव्हतं.

पस्तीस वर्षांची जुनी घडण, तरी चिखलात अडत नाही, उघडायला अवजार लागत नाही, म्हणून ती बदलायचं कुणाच्या मनात येत नाही; हे मला चुलीपाशी रोज ऐकावं लागे. शेवटी यांनी सागवानाचं तसंच पिस्तूल केलं. खिळा एकही नाही. नळी, घोडा, सगळं हातानं सुटायचं आणि परत बसायचं. दुरुस्तीला आलेल्या लोकांच्या तिफणी तशाच पडून राहिल्या. मी बोलून बोलून थकले.

मग कुणीतरी चुगली केली. बिनपरवाना पिस्तुलाची तक्रार घेऊन फौजदार अमरसिंग दोन शिपायांसह सकाळीच दारात उभे. पिस्तूल हातात घेतलं, लाकूड पाहून हसले, पण खाली काही ठेवेनात. उघडत बसले, जोडत बसले. चहा दोनदा झाला.

"जानराव, तक्रार आली म्हंजे पंचनामा करा लागते. खेळणं लिहितो अन् जातो."

"खेळणं नोका लिहू सायेब," हे म्हणाले. "पिस्तूल हाय थे."

"पिस्तूल लिहिलं त तुले वाशिमले न्या लागन."

"न्या मंग."

एका शब्दापायी माणूस कोठडीत जायला निघाला! खेळणं म्हटलं की त्यांच्या हाताचा अपमान होतो, हे मला कळत होतं. असल्या हट्टी माणसावरच माझा जीव, काय करता?

"डोक्शावर पडले काय तुमी?" मी डाफरले. यांनी निघायला टोपी घातली. तेव्हा मात्र मी दारात आडवी झाले.

"सायेब, खेळणं नाही अन् हत्यारबी नाही. माही सवत हाय थे. तसंच लिहा."

शिपाई फिसकन हसले. फौजदारांनी खरंच लिहिलं, 'लाकडी सवत, नग एक.' मग यांना विचारलं, "कबूल हाय काय?"

"कबूल हाय सायेब," हे मान खाली घालून, माझ्याकडे बोट करत म्हणाले. "पर थोरली हेच."

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. चारचौघांत असं ते कधी बोलले नव्हते. मी तोंडाला पदर लावला आणि कागदावर अंगठा उठवला.